प्रीपेड मीटरचा बॅलन्स संपायच्या आत: मालवणात नव्याने भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठी

जुलैचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेनऊ. बदली होऊन मिरजेहून मालवणात आल्याला मला अकरा दिवस झाले होते. बाहेर पाऊस नुसता ओतत होता आणि लाइट गेली. मिरजेची सवय अशी की लाइट गेली म्हणजे सगळ्यांची गेली. मेणबत्ती लावली, दाराला कडी घातली आणि दीड तास गप्प बसून राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकी बॅटरी घेऊन खाली आल्या. म्हणाल्या, "गो, अशी काळोखात कित्या बसलंस? आमच्याकडे लायट आसा मगे. तुझे पैशे संपले आसतले."

तोवर फ्रिजमधल्या बांगड्यांना पाणी सुटलं होतं.

त्यानंतर तीन वर्षांत दोन घरं झाली आणि दोन्हीकडे प्रीपेड मीटरच होते, पण दोन वेगळ्या तऱ्हांचे. जे शिकले ते चुकत शिकले. तुम्ही नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा हॉटेल-होमस्टेच्या कामासाठी किनाऱ्यावर राहायला येत असाल आणि मालकाने "लाइटचं टेन्शन नाही, प्रीपेड आहे" असं सांगितलं असेल, तर पुढचं वाचून ठेवा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. महावितरण सध्या घरोघरी बसवतंय त्या नव्या टीओडी (दिवसातल्या वेळेप्रमाणे वापर मोजणाऱ्या) स्मार्ट मीटरांबद्दल हा लेख नाही. त्यांचं बिल नेहमीसारखं महिन्याने येतं. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. आपण बोलतोय ते सबमीटरबद्दल. महावितरणचा मुख्य मीटर मालकाच्या नावावर असतो आणि त्याच्या पुढे तुमच्या खोलीपुरता मालकाने बसवलेला खाजगी प्रीपेड मीटर असतो. म्हणजे तुमचे पैसे संपले तर महावितरणच्या १९१२ या तक्रारीच्या नंबरवर फोन करून काही होणार नाही. महावितरणच्या दृष्टीने तुमची लाइट गेलेलीच नसते.

१. मीटर कोणत्या जातीचा ते बघा

दोन जाती आहेत. पुढचं सगळं यावरच ठरतं, म्हणून सामान लावायच्या आधी मीटरपेटी उघडून बघा.

पहिला बटणांचा. मीटरवर किंवा घरातल्या छोट्या डबीवर फोनसारखी आकड्यांची बटणं असतात. पैसे भरले की वीस आकडी टोकन मिळतं, ते आपण स्वतः दाबायचं. बॅलन्स मीटरच्या पोटात असतो. नेटवर्क असो वा नसो, मीटरला फरक पडत नाही.

दुसरा ॲपचा. बटणं नसतात, फार तर एखादं असतं. बॅलन्स कुठेतरी सर्व्हरवर असतो आणि मीटरला सिमवरून किंवा वायफायवरून हुकूम येतो: जोड, तोड. पैसे भरायला हा सोपा. पण मालवणात पावसाळ्यात हुकूम पोचायला रेंज लागते, आणि ती मीटरच्या जागी असायला हवी, तुमच्या खिशात असून उपयोग नाही. माझ्या दुसऱ्या घरी मीटर जिन्याखाली, जांभ्याच्या दीड फुटी भिंतीआड होता. पैसे गेल्याचा मेसेज साडेसातला आला आणि लाइट आली सव्वानऊला.

मला विचाराल तर बटणांचा बरा. दिसायला गावठी, पण वादळात शहाणा.

२. किल्ली हातात घेताना मागायच्या गोष्टी

मालक चांगला असला तरी मागा. नंतर तो मुंबईला असतो आणि फोन लागत नाही.

- मीटर नंबर. मीटरवरच छापलेला असतो. फोटो काढा, शिवाय कागदावर लिहून काढा.
- ॲपचा असेल तर ग्राहक क्रमांक, आणि नोंदणी कोणाच्या मोबाइलवर आहे ते. जुन्या भाडेकरूचा नंबर तसाच राहिला असेल तर "बॅलन्स कमी" हा मेसेज त्यालाच जात राहतो. माझ्याकडे असंच झालं होतं. पुण्याचा एक मुलगा अकरा दिवस माझे इशारे वाचून पुसत होता.
- युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार (वीज वापरली नाही तरी कापली जाणारी रक्कम), लेखी. भाडेकरारात एक ओळ टाकून घ्या.
- ताबा घेतला त्या दिवशीचा बॅलन्स आणि एकूण युनिटचं रीडिंग. फोटोत दोन्ही यायला हवं.
- जुनी थकबाकी आहे का. मीटर उणे असेल तर तुमच्या पहिल्या रिचार्जमधून आधी ती कापून घेतली जाते. पाचशे भरले आणि तीनशे चाळीस दिसले, तर यामुळेच.
- बटणांच्या मीटरची कोडची चिठ्ठी. कोणतं बटण दाबल्यावर शिल्लक दिसते, कोणत्याने एकूण युनिट, कोणत्याने शेवटचं टोकन. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, म्हणून इंटरनेटवरचे कोड दाबत बसू नका.
- वायरमनचा नंबर. मालकाचा नको, वायरमनचा.

३. रुपये मोजू नका, दिवस मोजा

मीटरवर २८० दिसलं की नवा माणूस म्हणतो, बरेच आहेत. २८० रुपये म्हणजे किती दिवस, हे माहीत नसेल तर तो आकडा कामाचा नाही.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचं यंत्र एक तास चालवणं. माझ्या एका माणसाच्या घराचा दिवसाचा हिशेब असा:

- फ्रिज: साधारण १ युनिट
- दोन पंखे, ७५ वॅटचे, दहा-दहा तास: १.५ युनिट
- चार एलईडी दिवे, ९ वॅटचे, पाच तास: ०.१८
- गिझर २००० वॅट, वीस मिनिटं: ०.६७
- एक एचपीचा पाण्याचा पंप, वीस मिनिटं: ०.२५
- इस्त्री १००० वॅट, पंधरा मिनिटं: ०.२५

बेरीज ३.८५, म्हणजे चार धरा. हिशेबाला सोपा म्हणून दर १० रुपये आणि रोजचा स्थिर आकार ५ रुपये धरला, तर दिवसाला ४५ रुपये. २८० म्हणजे जेमतेम सहा दिवस. दीड टनाचा एसी असेल तर कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट. रात्रभर लावलात तर हा हिशेब फाडून नवा करा.

कागदावरचा हिशेब आणि खरा खर्च यात फरक पडतोच. म्हणून सलग सात दिवस, रोज एकाच वेळी, रीडिंग लिहा. मी सकाळी दूध आलं की लिहायचे. आठव्या दिवशीच्या रीडिंगमधून पहिल्या दिवशीचं वजा करा आणि सातांनी भागा. हा तुमचा खरा रोजचा आकडा. तो फ्रिजच्या दारावर चिकटवा.

हा आकडा ऋतूप्रमाणे बदलतो, आणि इथे घाटावरचा अंदाज चालत नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखे बंदच होत नाहीत. पावसाळ्यात हवा गार, म्हणून खर्च कमी होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. कपडे वाळत नाहीत. दोरी घरात बांधायची आणि खाली पंखा सोडायचा. एक पंखा चौदा तास म्हणजे एक युनिट वर. तरी सकाळी शर्टाला दमट वास असतोच, म्हणून पुन्हा इस्त्री. माझा जुलैचा आकडा एप्रिलपेक्षा जास्त निघाला.

४. इशारा किती दिवस आधी हवा

ॲपमध्ये "लो बॅलन्स" ची मर्यादा आपल्याला बदलता येते का बघा. कंपनीने घातलेली मर्यादा बहुधा ५० किंवा १०० रुपये असते. म्हणजे वर काढलेल्या हिशेबाने एक ते दोन दिवस. कोकणात ते पुरत नाही. इथे पाऊस जोर धरतो तेव्हा रेंज जाते, एटीएम बंद पडतं, यूपीआय फिरत राहतं, आणि हे तिन्ही एकाच संध्याकाळी होतं.

माझा नियम: जून ते सप्टेंबर सात दिवसांचा खर्च ही तळरेषा. त्याखाली गेलं की त्याच दिवशी रिचार्ज. एरवी तीन दिवस. हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की बॅलन्स किती आहे ते न बघता भरायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत आणि पुढच्या मे महिन्यात तौक्तेने इथे सिंधुदुर्गात काय केलं, ते कोणत्याही शेजाऱ्याला विचारा. खांब पडल्यावर सगळ्यांचीच लाइट जाते, त्याला इलाज नाही. पण खांब उभे राहिल्यावर गल्लीत दिवे लागतात आणि तुमच्या मीटरवर शून्य असतं, तेव्हा फार चिडचिड होते.

बटणांच्या मीटरला मेसेज येत नाही. तो बीप करतो किंवा लाल दिवा मिचकावतो, आणि जिन्याखालचा बीप कोणाला ऐकू येत नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये दर रविवारची आठवण लावा.

५. लाइट गेली. कोणाची?

अंधारात पहिली दोन मिनिटं हेच करायचं. मेणबत्तीचं नंतर बघा.

खिडकीतून शेजारी बघा. त्यांच्याकडेही अंधार असेल तर लाइनच गेली आहे. मग १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर मालकाच्या मुख्य मीटरचा ग्राहक क्रमांक सांगून तक्रार नोंदवता येते. तो क्रमांकही लिहून ठेवा.

शेजारी उजेड आहे आणि तुमच्या मीटरचा पडदा चालू आहे: बॅलन्स संपलाय, किंवा जास्त भार पडून मीटरने स्वतःला तोडून घेतलंय. गिझर, इस्त्री आणि पंप एकदम लावले की हे होतं. मग बॅलन्स असतो, लाइट नसते. सगळी मोठी यंत्रं बंद करा, थोडं थांबा, बहुतेक मीटर आपोआप जोडतात. मी एकदा याच कारणाने उगाच पाचशेचा रिचार्ज केला होता. वाया गेला नाही, पण लाइटही आली नाही.

शेजारी उजेड आहे आणि तुमचा पडदाच काळा: मीटरपर्यंत वीज पोचत नाही. आधीचा एमसीबी पडला असेल, फ्यूज गेला असेल, किंवा खाऱ्या हवेने जोडणीवर हिरवा गंज चढला असेल. याला हात लावू नका. वायरमन. मीटरचं सील तोडून आत बघायचा मोह तर अजिबात नको. झाकण उघडलेलं कळलं की बरेच मीटर स्वतःला कुलूप लावतात आणि ते मालकाच्या कंपनीशिवाय उघडत नाही.

६. वीस आकडे

टोकन दाबताना लोक घाई करतात. चार-चार आकड्यांचे पाच गट पाडून कागदावर लिहा, मग दाबा. एका हातात बॅटरी, दुसऱ्याने बटण, आणि मोबाइलचा पडदा मध्येच बंद होतो, म्हणून कागद हवा. खाऱ्या हवेने एखादं बटण अडकतं किंवा दोनदा उमटतं. प्रत्येक गटानंतर पडद्याकडे बघा.

चुकीचं टोकन सारखं सारखं दाबलं तर अनेक मीटर काही वेळ नवं काही घेतच नाहीत, आणि पुढच्या चुकीला तो वेळ वाढतो. दोनदा चुकलं तर थांबा, पाणी प्या, पुन्हा लिहून काढा.

टोकन एकाच मीटरसाठी असतं आणि एकदाच चालतं. शेजारणीला उसनं देता येत नाही.

माझं इंटरनेट गेलं की मिरजेचा भाऊ तिकडून रिचार्ज करायचा आणि एसटीडीच्या जमान्यासारखं फोनवर आकडे सांगायचा. पहिल्यांदा तो जोड्या करून सांगायला लागला: "एकोणसत्तर, त्र्याऐंशी, एकोणऐंशी..." पावसाच्या आवाजात मला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी एकच ऐकू आलं. दोनदा चुकलं. तेव्हापासून नियम: एकेक आकडा सांगायचा. सहा, नऊ, आठ, तीन. दर चार आकड्यांनंतर ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचे. बाहेरगावच्या कोणाला तरी हे काम आधीच शिकवून ठेवा आणि मीटर नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा. त्यांच्याकडे त्या दिवशी पाऊस नसतो.

७. पैसे गेले, लाइट नाही

ॲपच्या मीटरमध्ये सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. क्रम असा:

पैसे खरंच गेलेत का, ते बँकेच्या मेसेजवर बघा, ॲपवर नाही. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक उतरवून घ्या. पंधरा-वीस मिनिटं थांबा. पुन्हा पैसे भरू नका. घाबरून दुसऱ्यांदा भरणाऱ्यांचे दोन्ही रिचार्ज रात्री उशिरा एकदम जमा होतात आणि मग ते परत मागत फिरावं लागतं.

बॅलन्स जमा दिसतोय, तरी अंधार? बऱ्याच मीटरांवर पुन्हा जोडणी करायला एक बटण धरून ठेवावं लागतं. हे मुद्दाम असतं. तुम्ही घरी नसताना लाइट आपोआप आली आणि इस्त्री चालू राहिलेली असली तर? म्हणून बटण दाबायच्या आधी इस्त्री, गिझर, शेगडी बंद आहेत का ते बघा. लाइट गेल्या क्षणी आपण काय करत होतो, हे दोन तासांनी कोणाला आठवत नाही.

बटणांच्या मीटरने बरोबर टोकनही नाकारलं, तर एक जुनं कारण शोधा. या टोकनमध्ये पैशांबरोबर वेळही लपलेली असते. १९९३ च्या सुरुवातीपासून किती मिनिटं झाली, ते २४ बिटांत मोजतात. त्यात १,६७,७७,२१६ पर्यंतच मोजता येतं, आणि ती मिनिटं २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याआधी मीटरला नवी किल्ली, म्हणजे सहसा वीस-वीस आकड्यांची दोन खास टोकनं, द्यायची होती. ज्यांनी ती दिली नाहीत त्यांचे मीटर नवं टोकन घेत नाहीत. जगभर या पद्धतीच्या मीटरांचं हेच झालं. मालवणात ते मुख्यतः मुंबईकरांच्या बंद घरांत आढळतं, कारण त्या वेळी दाबायला घरी कोणी नव्हतं. मालकाला सांगा, "किल्ली बदलायची टोकनं" मागवा. ती दिलेल्या क्रमानेच दाबायची, आणि त्यानंतरच रिचार्जचं टोकन.

८. उसना बॅलन्स

काही मीटर शून्यावर आल्यावर थोडी उसनी वीज देतात. कुठे आपोआप, कुठे बटण दाबून. काही मालक रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी लाइट तोडायची नाही अशी सोय लावून ठेवतात. घर घेतानाच विचारा. पण उसनं म्हणजे उसनंच. पुढच्या रिचार्जमधून ते आधी वळतं होतं. महिनाअखेरीला उसन्यावर चालवायची सवय लागली की दर वेळी दोनशे भरून एकशे वीसच हाती पडतात, आणि माणूस म्हणतो मीटर खातो.

९. उद्या पगार आहे आणि आज चाळीस रुपये आहेत

अशा दिवशी कशाने फरक पडतो आणि कशाने नाही, ते सांगते. मोबाइल चार्जर काढून ठेवणं, टीव्हीचा लाल दिवा बंद करणं, यात पैसे वाचतात ते चिल्लर. पाणी तापवणं आणि इस्त्री, खरे पैसे तिथे जातात. त्या दिवशी गिझर नको. काकींच्या मागच्या पडवीत पाण्याची चूल आहे, नारळाची सोडणं आणि सुक्या झावळ्या तिथे कायम असतात. महिन्यातून दोनदा तरी मी बादली घेऊन तिथे उभी असायची. गॅसवर तापवलंत तरी चालेल.

फ्रिज बंद करू नका. बॅलन्स टिकवायचा असेल तर दोन दिवे, एक पंखा आणि फ्रिज, एवढ्यावर रात्र निघते. पंखा ७५ वॅटचा असेल आणि मालक बदलून देत असेल तर बीएलडीसी मोटरचा पंखा घ्या, तो साधारण ३० वॅट घेतो. माझ्या दोन पंख्यांत दिवसाला ०.९ युनिट वाचलं, म्हणजे धरलेल्या दराने नऊ रुपये.

लाइट गेलीच, तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद दाराचा फ्रिज चारेक तास गारवा धरतो. मासे असतील तर त्यांचा निर्णय त्या चार तासांत घ्या: हळद-मीठ लावून तळून टाका, नाहीतर वरच्यांच्या फ्रिजमध्ये द्या. उष्ण हवेत राहिलेला बांगडा नंतर कितीही तळला तरी त्यातला दोष जात नाही, अंगावर पित्त उठतं. माझे त्या रात्रीचे बांगडे काकींनी वास घेऊन मांजराच्याही ताटात पडू दिले नाहीत.

१०. घर बंद ठेवून जाताना

दिवाळीला पंधरा दिवस गावी गेले. मेन स्विच बंद करून गेले, म्हणजे खर्च शून्य असं समजून. परत आले तर मीटर उणे. रोजचे पाच रुपये चालूच असतात, वीज वापरा नाहीतर नका वापरू. गेले तेव्हा बॅलन्स साठ होता, पंधरा दिवसांत पंच्याहत्तर कापले गेले.

हाच प्रकार चाकरमान्यांच्या फ्लॅटमध्ये मोठ्या प्रमाणावर होतो. मे महिन्यात कुलूप लावून गेलेले लोक गणपतीच्या आदल्या दिवशी कुडाळ स्टेशनवर उतरतात, रिक्षाने घरी पोचतात, कडेवर झोपलेलं पोर, हातात माटवीचं (गणपतीवर टांगायच्या सजावटीचं) सामान, आणि मीटरवर उणे चारशे. त्या आठवड्यात सगळे एकदम येतात, म्हणून रेंजही मरगळलेली असते. निघायच्या दोन दिवस आधी मुंबईहूनच रिचार्ज करा. मीटर बटणांचा असेल तर टोकन शेजाऱ्यांना पाठवा आणि त्यांच्याकडून दाबून घ्या. जाताना जितके दिवस बंद राहणार तितक्या दिवसांचा स्थिर आकार शिल्लक ठेवून जा.

११. मालकाशी हिशेब

दर कुठून आला, हे विचारायला संकोच करू नका. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यावर. एकाच मुख्य मीटरवर चार खोल्या असतील आणि प्रत्येक जण ९० युनिट वापरत असेल, तर बेरीज ३६० होते. एकेकट्याला स्वतंत्र मीटर असता तर प्रत्येक जण पहिल्याच टप्प्यात राहिला असता. एकत्र आहेत म्हणून बिल तिसऱ्या टप्प्यात शिरतं. यात मालकाची लबाडी नसेलही, पण तुम्हाला जास्त पडतं हे खरं.

रास्त दर काढायची साधी रीत: मुख्य बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क, सगळं त्यात आलंच. तुमचा दर त्याच्या आसपास असेल तर ठीक. आणि दरात स्थिर आकार धरलेला असताना वर रोजचे पाच रुपये वेगळे लागत असतील, तर ते दोनदा घेणं झालं. माझ्या पहिल्या घरी हेच होतं. मालकांना बिल दाखवून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मीटरवाल्याने लावून दिलंय, माका काय ठावक?" आणि खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यापासून बंद झालं.

मीटर जोरात पळतोय असा संशय असेल तर घरीच बघता येतं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, एका युनिटला ३२०० वेळा. सगळं बंद करून फक्त ठराविक वॅटचं एखादं यंत्र लावा आणि मिनिटभर मोजा. १६ वेळा लुकलुकला तर तासाला ९६०, म्हणजे ३०० वॅट. सगळं बंद असूनही लुकलुकत असेल तर दुसऱ्या कोणाची तरी वायर तुमच्या मीटरवर असण्याची शक्यता आहे. बहुतेकदा जिन्यातला दिवा किंवा सामाईक पंप असतो.

अनामत रकमेचंही बोलून घ्या. वीज कायदा २००३ चं कलम ४७(५) सांगतं की ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल तर वितरण कंपनीला सुरक्षा ठेव मागता येत नाही. हे कलम कंपनी आणि ग्राहक यांच्यातलं आहे, मालकाला थेट लागू नाही. पण "पैसे आगाऊच घेताय, मग लाइटसाठी वेगळं डिपॉझिट कशाला?" हे म्हणायला त्याचा आधार होतो. त्याच कायद्याचं कलम ४३ जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला, दोघांनाही, वीजजोडणी मागायचा हक्क देतं. लांब मुक्काम असेल तर स्वतंत्र जोडणीचा विचार करा, मात्र प्रत्यक्षात मालकाचं संमतीपत्र मागतात हे धरून चाला. मी दोन्ही कलमं पाठ करून गेले होते, वापरायची वेळ आली नाही. सोलकढी पिता पिता डिपॉझिट निम्मं झालं.

१२. घर सोडताना

शेवटच्या महिन्यात शंभर-शंभरचेच रिचार्ज करा. ॲपमधली शिल्लक काही ठिकाणी परत मिळते, बटणांच्या मीटरमध्ये गेलेला पैसा बाहेर काढता येत नाही. निघायच्या दिवशी बॅलन्स आणि रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा, ॲपमधून आपला मोबाइल नंबर काढून टाका. मी पहिलं घर सोडलं तेव्हा मीटरवर २१२ रुपये उरले होते. नवी भाडेकरू सामान घेऊन दारात उभीच होती. तिने दोनशे हातात ठेवले, मी कोडची चिठ्ठी तिच्या हातात दिली, आणि काकींनी वरून ओरडून तिला विचारलं, बॅटरी आणली आहेस ना.